मदत हवी आहे : प्रयोगानंतर रात्री घरगुती जेवण, सोलापूर

नमस्कार मंडळी. नाटकाच्या दौऱ्यावर आहोत. आम्ही 16 जण, एक बस आणि मागे नेपथ्याचा टेम्पो. शनिवारी रात्री हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग आहे. सेट उतरवून भरेपर्यंत एक वाजतो, मग लगेच लातूरकडे निघायचं.

मागच्या दौऱ्यात एका हॉटेलवाल्याने ऑर्डर घेऊनही ऐनवेळी शटर ओढलं. आमच्या सत्तरीच्या काकांनी अर्धा मेकअप पुसलेल्या चेहऱ्याने दोन बिस्किटांवर मधुमेहाची गोळी घेतली. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

गरम ज्वारीची भाकरी, पिठलं, कमी तिखट भाजी कुणी साडेबारापर्यंत थिएटरवर पोचवेल का? पैसे आगाऊ देऊ. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणीही हवी, बसमध्ये ती बरेच दिवस टिकते. खात्रीचं कुणी असेल तर कृपया सुचवा.