मदत हवी आहे: बोलेरोचं इंजिन खोललंय, कॉनरॉडचे बेअरिंग स्टँडर्ड टाकू, दहाचे की विसाचे?

राम राम मंडळी. घरची बोलेरो, 2523 सीसी डिझेल. मागच्या महिन्यात बीडहून अंबाजोगाईला परत येताना मांजरसुंब्याच्या घाटात ऑइलचा लाल दिवा लागला. मला वाटलं वायर हलली असेल, तसंच दामटलं. (हो, माहीत आहे. वडिलांनी ऐकवून झालंय.) वर पोचेपर्यंत खालून ठोका सुरू झाला. टोचन करून घरी आणली.

इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं तर तळाला नुसती धातूची चमकी. तीन नंबरच्या कॉनरॉडचं (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) शेल, म्हणजे दोन अर्धगोलांचं बेअरिंग, पार आतल्या तांब्याच्या थरापर्यंत घासलंय. बाकी तिन्हींवर बारीक रेघा आहेत, पण वरचा थर शाबूत. क्रँक काढून त्याच्या पिना (कॉनरॉड बसतात ते गोल भाग) मायक्रोमीटरनं मोजल्या. तीन पिना गोल आहेत, नख अडकत नाही. तिसरी मात्र आडवी-उभी मोजली की 0.06 मिमीचा फरक येतोय, आणि नख चांगलंच अडकतं.

मिस्त्री वडिलांच्या ओळखीचे, जन्म याच कामात गेलाय. ते म्हणतात, एमरी (बारीक पॉलिश पेपर) मारून पॉलिश करू, स्टँडर्ड शेल टाकू, ढिलं वाटलं तर मागून सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावू. लातूरचा ग्राइंडिंगवाला म्हणतो चारही पिना दहाला मारा, म्हणजे घासून इंचाच्या दहा हजारांशानं बारीक करा आणि तेवढेच जाड शेल टाका. आणि पार्टसवाल्याकडे दहाचा सेटच नाही, म्हणून तो म्हणतो थेट विसाला जा! एकच पिन मारून चालत नाही का? आणि बसवल्यावर पिन आणि शेलमधली फट बरोबर आहे हे घरी कसं कळणार?

लेथवर_उभा: दादा, आधी ती चांदी डोक्यातून काढा. शेलचा प्रत्येक अर्धा भाग मुद्दामच अर्ध्या वर्तुळापेक्षा केसभर मोठा केलेला असतो. बोल्ट आवळले की तो दाबला जाऊन त्याची पाठ रॉडला घट्ट चिकटते. त्या दाबानंच शेल जागेवर राहतं आणि गरमी रॉडमध्ये जाते. कडेचा तो छोटा कान फक्त बसवताना जागा दाखवायला असतो, शेल फिरण्यापासून तो वाचवत नाही. मागं चांदी घातली की पाठ नीट टेकत नाही, गरमी अडकते. कॅप घासायचा सल्लाही कुणी दिला तर ऐकू नका, भोक अंडाकृती होतं.

एमरीनं रेघा जातील, पण वाकडी झालेली पिन गोल होणार नाही. दहा म्हणजे 0.25 मिमी, त्यात 0.06 आरामात निघून जातं. मग विसाला जाऊन क्रँकचं एक आयुष्य फुकट का घालवायचं? दहाचा सेट मागवा, आठवडा गेला तरी चालेल. सेट हातात आल्याशिवाय क्रँक मशीनवर चढवू नका, आणि पिनेच्या कोपऱ्यातली गोलाई होती तशीच ठेवायला बजावून सांगा. क्रँक तुटतो तो तिथूनच. एकच पिन मारता येते, पण शेल सेटनंच मिळतात आणि पुढच्या मिस्त्रीचा गोंधळ होतो. चारही मारा.

तीन नंबरचा रॉड निळा पडलाय का बघा. पडला असेल तर बदला.

गोदाकाठी: फट मोजायला प्लास्टिगेज घ्या, मेणासारखा बारीक दोरा येतो. पिन आणि शेल कोरडे पुसून दोरा पिनेवर क्रँकच्या लांबीच्या दिशेनं ठेवायचा, कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळायची, परत काढायची. दोरा जितका पसरला तितकी फट कमी. रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायची. मध्ये क्रँक अजिबात फिरवायचा नाही, नाहीतर दोरा पुसला जातो. मॅन्युअलचा आकडा पहिला, पण ढोबळ हिशेब 50 मिमीच्या पिनेला 0.05 मिमीच्या आसपास. शेवटी बसवताना ऑइल शेलच्या आतल्या बाजूला लावा, पाठ कोरडी. कॅपांचे नंबर अदलाबदल करू नका. रॉडचे बोल्ट नवेच टाका.

रात्रीची_एसटी: हे सगळं ठीक, पण दिवा लागलाच का? क्रँकमधल्या ऑइलच्या वाटा, कूलर, पंप, सगळं धुतलं का? चमकी तिथं दडून बसते आणि नवे शेल खाऊन टाकते.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. दहाचा सेट छत्रपती संभाजीनगरहून मागवलाय. रॉड निळा नाही, तरी ग्राइंडिंगवाल्याकडून रॉडचं भोक मोजून घेतोय. मिस्त्रींना चांदीचं सांगितलं तर म्हणाले, "बरं बाबा, तुमचं इंजिन, तुम्ही बांधा."

आणि रात्रीची_एसटी, तुमचं वाचून आज पंपाची जाळी उघडली. निम्मी जाळी सिलिकॉनच्या तुकड्यांनी बंद. दिवाळीत चेंबरचं पॅकिंग मीच बदललं होतं, हात सैल सोडून सिलिकॉन लावलं होतं. वडिलांना हे अजून सांगितलेलं नाही.