मथळ्याखालची जाहिरात उशिरा येते, मजकूर खाली सरकतो: जागा राखून ठेवावी का?

अर्धविराम:
लेखांची साइट आहे, बहुतेक वाचक मोबाइलवरून येतात. मथळ्याखालच्या स्लॉटला (जाहिरातीच्या जागेला) पिक्सेलमध्ये ३२०×५०, ३२०×१०० आणि ३००×२५० असे तीन आकार दिलेत. जाहिरात उतरेपर्यंत माणूस पहिला परिच्छेद वाचायला लागलेला असतो, आणि मजकूर धाडकन खाली. सीएलएस (पान उघडताना मजकूर किती हलतो त्याचं गूगलचं माप) ०.२४. २५० उंचीची जागा राखून बघितली, तर ५०ची पट्टी आली की खाली नुसती पांढरी पोकळी. भिकार दिसतं. दोन्हीतलं कमी वाईट काय?

रात्रपाळी:
पोकळी. डोळे झाकून. गूगल ०.१ पर्यंतच चांगलं म्हणतं, शिवाय पान उडी मारताना चुकून पडलेले क्लिक कुणाच्याच कामाचे नसतात. पण आधी जाहिरातींचा रिपोर्ट आकारानुसार फोडून बघा. तिथे ३००×२५० क्वचितच भरत असेल तर तो आकारच काढा, मिन-हाइट (स्लॉटची किमान उंची) १०० ठेवा, विषय संपला. ५०ची पट्टी मधोमध आणा, मागे फिकट राखाडी, वर बारीक अक्षरात 'जाहिरात'. रिकामा स्लॉट मिटवायची सेटिंग मात्र बंद करा. नाहीतर जाहिरात आली नाही की मजकूर वर सरकतो आणि पुन्हा तेच.

३००×२५० मी दुसऱ्या परिच्छेदानंतर टाकतो. मथळ्याखालची जागा सगळ्यांना सोन्याची वाटते, पण जाहिरात यायच्या आत वाचक पुढे सरकलेला असतो. निम्मे पिक्सेल सलग एक सेकंद दिसले तरच ती 'दिसली' असं धरतात.

अर्धविराम:
मग खालच्या सगळ्या स्लॉटना लेझी लोड लावू, म्हणजे वाचक जवळ आला की मगच जाहिरात मागवायची?

चाळणी:
लावा, पण ऐन दिसायच्या क्षणी मागवू नका, एखादा स्क्रीनभर आधी मागवा. आणि खाली जागा आहे म्हणून ठोकळे वाढवत बसू नका. कोअ‍ॅलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स या जाहिरात-उद्योगातल्या गटाच्या निकषांत मोबाइलवर जाहिरातींची उंची मुख्य मजकुराच्या भागाच्या ३० टक्क्यांवर गेली की ते त्रासदायक ठरतं. छोट्या लेखात हा आकडा तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर गाठला जातो.

रात्रपाळी:
आणि बदल केल्यावर दुसऱ्याच दिवशी सर्च कन्सोल (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) उघडून वैतागू नका. तिथला आकडा मागच्या २८ दिवसांतल्या खऱ्या भेटींचा असतो, जुन्या उड्या हळूहळूच गळतात. लगेच बघायचं असेल तर ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये (तपासणीच्या साधनांत) नेट मुद्दाम मंद करा, पान उघडा आणि शेवटपर्यंत स्क्रोल करा. स्क्रोल न करता काढलेला आकडा खालच्या स्लॉटबद्दल काहीच सांगत नाही.