मदत हवी आहे: तळघराच्या खिडक्यांना ग्लास ब्लॉक लावावेत की यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकच्या चौकटी)?

नमस्कार मंडळी,

आमचं घर औशात, जिल्हा लातूर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आबांनी दगड-मातीचा जुना वाडा उतरवून आरसीसीत घर बांधलं, पण तळघर मोडलं नाही. अडीच फुटी दगडी भिंत, खाली शहाबादी फरशी आणि जोत्यात चार बुटक्या खिडक्या. प्रत्येक तीन फूट रुंद, दीड फूट उंच. दोन रस्त्याच्या अंगाला, दोन मागच्या परसात.

चारही लोखंडी चौकटी आता गेल्या आहेत. खालची पट्टी बोटानं दाबली तरी गंजाचे पापुद्रे हातात येतात. लाकडाचा विचार केला नाही, कारण आधीच्या लाकडी चौकटी वाळवीनं खाल्ल्या म्हणूनच तर ह्या लोखंडी बसवल्या होत्या.

घाई आहे ती बियाण्यामुळे. आबा दरवर्षी सोयाबीनचं घरचं बी तळघरात राखतात. यंदा एप्रिलच्या अवकाळीत रस्त्याकडच्या खिडकीतून पाणी आत आलं आणि भिंतीलगतची सहा पोती खालून भिजली. नंतर दोन्हीकडचे शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहिली. मधल्या कोरड्या पोत्यांतले ७८ उगवले, भिजलेल्यांतले ५३. उगवण ७० टक्क्यांच्या खाली गेली की एकरी ३० किलोचा हिशेब चालत नाही, बी वाढवावं लागतं. ती सहा पोती आता बियाण्याला घेता येणार नाहीत. आबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी एकटेच खाली जाऊन उरलेली पोती भिंतीपासून हातभर सरकवत होते. वय ७४.

गवंडी मिस्त्री म्हणतात, चारही ठिकाणी ग्लास ब्लॉक लावा. १९ बाय १९ सेंटिमीटरचा, ८ सेंटिमीटर जाडीचा पोकळ ब्लॉक. आमच्या खिडकीत सांध्यांसकट आडवे चार आणि उभे दोन, म्हणजे आठ बसतात. कडेनं उरलेली जागा बांधून घ्यायची. उजेड येतो, आतलं दिसत नाही, चोराची, सापाची, घुशीची भीती राहत नाही. मला सगळ्यात पटलं ते हे की रस्त्यावर वीतभर पाणी साचलं तरी सांधे नीट भरलेले असतील तर ते आत येणार नाही.

लातूरचा खिडकीवाला यूपीव्हीसी सांगतो. वरून बिजागरी असलेला, खालून बाहेर उघडणारा पल्ला, दुहेरी काच, आतून जाळी. गंज नाही, वाळवी नाही, आणि पुढे काही बिघडलं तर स्क्रू काढून पल्ला बदलता येतो. ब्लॉक तडकला तर तो छिन्नीनं फोडूनच काढावा लागतो. पण यूपीव्हीसीच्या चौकटीला खाली पाणी निचरायची भोकं असतात. पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं हे खरं, पण रस्त्यावरचं पाणी भोकांच्या वर चढलं तर तिथूनच आत येईल ना? शिवाय आमच्याकडचा काळा चिखल त्यांत बसला की ती बुजणार.

आबांचं म्हणणं वेगळंच. मिस्त्रींचं ऐकून ते म्हणाले, "आरं, बी जिवंत असतंय. वारं बंद करायलास व्हय?" ते स्वतःही मे महिन्यात दुपारी खालीच बाज टाकून झोपतात, त्यामुळे हवा तर हवीच. पण पावसाळ्यात खिडक्या सताड उघड्या ठेवल्या की बाहेरची दमट हवा थंड दगडी भिंतीला लागून भिंतच घामेजते, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे कोरड्या दिवसांत उघडता आणि दमट दिवसांत घट्ट बंद करता येईल असं काहीतरी हवं. ब्लॉकच्या भिंतीत छोटा झरोका ठेवता येतो, पण तेवढ्यानं भागेल असं मला वाटत नाही.

त्यामुळे माझं मन इथवर आलंय: रस्त्याकडच्या दोन खिडक्यांना ग्लास ब्लॉक, परसातल्या दोन्हींना यूपीव्हीसी. परसाला उतार आहे, तिथं पाणी थांबत नाही.

अडलंय ते इथे. आमची जमीन काळी, चिकणमातीची. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात फुगते. जोतं थोडं जरी हललं तरी ब्लॉकचे सांधे उकलतील का? वर लिंटेल हवीच, कारण ब्लॉक भार घेत नाहीत, हे मला माहीत आहे. वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला मऊ पट्टी ठेवून मग सांधा भरायचा असतो असंही वाचलंय. मिस्त्री म्हणतात, "सगळं पांढऱ्या सिमेंटमध्ये पक्कं करू, पट्टी कशाला?" किल्लारीच्या इतक्या जवळ राहून असं काचेचं काम चारी बाजूंनी आवळून टाकायला माझं मन धजत नाही. काळ्या मातीत कुणी हे केलं असेल तर चार-पाच वर्षांनी काय स्थिती आहे ते कृपया सांगा.

दुसरं, परसातल्या खिडक्या पश्चिमेला आहेत. आपल्याकडच्या ४२ अंशांच्या उन्हात पांढरी यूपीव्हीसी चौकट वाकते का, पल्ला घासायला लागतो का? आत गॅल्वनाइज्ड लोखंडी पट्टी घातलेली आहे की नाही हे गिऱ्हाइकानं कसं तपासावं? आणि घूस ती चौकट कुरतडते का, हे जरूर सांगा, कारण परसात घुशी आहेत.

खर्चाचा फरक मी बघून घेईन, त्यासाठी अडलेलं नाही. मिस्त्री सोमवारी येणार आहेत आणि मृगाच्या आत काम उरकायचंय. आज रात्री चारही खिडक्यांचे फोटो टाकतो, आतून आणि बाहेरून. लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या कुणी असं काम केलं असेल तर आधी त्यांनी लिहावं ही विनंती.