‘फाईल सोडावी’ म्हणजे नेमके काय करावे?

सातारा :
कार्यालयातील नव्या सहकाऱ्यांसाठी कमांड लाईनच्या, म्हणजे संगणकाला आज्ञा टंकून देण्याच्या, कामाचे एकपानी टिपण करताना मी ‘प्रथम आलेली टार फाईल सोडावी व मग आतील याद्या तपासाव्यात’ असे लिहिले. (टार फाईल म्हणजे अनेक फायली एकत्र बांधून केलेली एक फाईल.) एका सहकाऱ्याने ‘सोडावी’ म्हणजे ‘वगळावी’ असा अर्थ घेतला आणि दोन दिवस जुन्याच याद्या तपासल्या. बोचके सोडणे हा आमच्या घरचा रोजचा प्रयोग असल्याने दुसरा अर्थ मला सुचलाच नव्हता. येथे कोणते क्रियापद योग्य ठरेल?

वाळवा :
‘उकलावी’ लिहावे. मात्र टार फाईल मुळात आवळलेली नसतेच, हेही टिपणात यावे. आमच्याकडे तोडलेल्या उसाची मोळी वाढ्यांनी, म्हणजे उसाच्याच हिरव्या शेंड्यांनी, बांधतात. त्याने ऊस हलका होत नाही, उचलायला सोयीचा होतो. टारही फायली एकामागोमाग रचून त्यांची एक फाईल करते, इतकेच. ती चुंबकीय फितीसाठी जन्मली, १९७९ च्या युनिक्स या संगणक प्रणालीमध्ये. आकार घटवण्याचे काम जीझिप या वेगळ्या प्रोग्रामचे.

कराड :
मोळी मान्य, पण जीझिपला कोणी ‘संक्षेप’ म्हणू नये. संक्षेपात काहीतरी गळतेच. जीझिप पुन्हा आलेल्या मजकुराच्या जागी ‘हेच मागे इतक्या अंतरावर आहे’ अशी खूण ठेवते, त्यामुळे उकलल्यावर अक्षर न् अक्षर परत मिळते. ‘आटवणे’ही नको, कारण गुळातून रस परत निघत नाही. ‘आवळणे’ हाच शब्द नेमका आहे.

मिरज :
आपल्याकडे तयार शब्द असताना ही ओढाताण कशाला? जुन्या दफ्तरांत कागद फडक्यात बांधून ठेवत आणि त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणत. टार फाईल म्हणजे रुमालच.

कराड :
दफ्तर फारसी, रुमालही फारसी. राज्यव्यवहारकोश कशासाठी झाला होता?

मिरज :
तो होऊनही रुमाल आपल्या खिशात राहिलाच. फारसीत ‘रू’ म्हणजे चेहरा, ‘माल’ म्हणजे पुसणारा. तोंड पुसायच्या वस्तूने कागद बांधले गेले, याला वापर म्हणतात. आणि आपण ‘फाईल’ कोणत्या संस्कृत धातूपासून साधता?

सातारा :
टिपण आज द्यायचे आहे. शिवाय त्याच सहकाऱ्याने काल जीझिप चालवले आणि मूळ फाईल नाहीशी झाली म्हणून ते घाबरले आहेत.

वाळवा :
ती आवळलेल्या रूपात तेथेच असते, नावापुढे जीझेड लागलेले दिसेल. मूळही हवी असल्यास ‘के’ हा पर्याय द्यावा. आणि टार उकलण्यापूर्वी ‘टी’ देऊन आतील नावे पाहण्याची सवय त्यांना लावावी, नाहीतर शेकडो फायली चालू फोल्डरमध्येच पसरतात आणि मग वेचत बसावे लागते.

मिरज :
मोळी वाढ्यांनीच बांधतात का? मी पाचटाने बांधलेली पाहिली आहे.

वाळवा :
वाढ्यांनीच. पाचट वाळलेले असते, त्याने बांधलेली मोळी गाडीत चढेपर्यंत सुटते.

सातारा :
‘सुटते’ म्हणालात, ‘उकलते’ नव्हे. मग माझे ‘सोडावी’ चुकले कोठे?

कराड :
पाचटाचा मुद्दा बरोबर आहे.