क्लस्टर काढायचा म्हणजे आरएम मारून चहाला जायचं?

रात्रपाळी

परवा जुन्या सर्व्हरांच्या धाग्यावर फॉरमॅटेश्वर यांनी लिहिलं होतं: "दोन नोडचा आरएसी काढायला तीन दिवसांचा प्लॅन कशाला? दोन्हीकडे आरएम मारा, ओएस नव्याने टाका, चहा प्या. डीइन्स्टॉल टूल बिलं फुगवणाऱ्यांसाठी आहे." त्याखाली +१ ची रांग. (नवख्यांसाठी: आरएम म्हणजे फायली उडवायची कमांड, आरएसी म्हणजे एकच ओरॅकल डेटाबेस अनेक सर्व्हरांवर, म्हणजे नोडांवर, मिळून चालवणारा क्लस्टर, आणि डीइन्स्टॉल टूल म्हणजे ते सॉफ्टवेअर रीतसर काढायचं ओरॅकलचंच टूल.) तिथे उत्तर लिहायला बसलो, ते आवरेना, म्हणून वेगळा धागा.

हेच काम सध्या माझ्या गळ्यात आहे. एक सहकारी बँक, ओरॅकल १२.२, स्टँडर्ड एडिशन २, दोन नोड. १९सी पासून या एडिशनमध्ये आरएसी मिळतच नाही. म्हणजे १९ वर जायचं तर आधी क्लस्टर सोडा. हौस म्हणून कुणी काढत नाहीये.

तर फॉरमॅटेश्वर, क्लस्टर अख्खा तुमच्या नोडवर नसतो हो. ओसीआर (क्लस्टरची नोंदवही) आणि व्होटिंग डिस्क (कोणता नोड क्लस्टरमध्ये आहे ते ठरवणारी) शेअर्ड स्टोरेजवर असतात. नोड घासूनपुसून लख्ख केलेत तरी एएसएमच्या (ओरॅकलचा डिस्का सांभाळणारा भाग) डिस्कांच्या कपाळावर जुन्या डिस्कग्रुपचं नाव तसंच. नवीन ग्रिड (क्लस्टरचं सॉफ्टवेअर) टाकायला जाल तेव्हा त्या 'कँडिडेट' (मोकळ्या) नाही, 'मेंबर' (आधीच कुणाच्या तरी) म्हणून दिसतात. मग पहाटे तीनला कुणीतरी डीडी (डिस्कवर थेट लिहिणारी कमांड) काढतो आणि शून्यं नेमकी शेजारच्या डिस्कवर जातात.

शिवाय दोनपैकी एकच नोड काढायचा असेल तर? उरलेल्या नोडवरून रूट (सर्वाधिकार असलेला यूजर) म्हणून सीआरएस-कंट्रोल या क्लस्टरच्या कमांडने तो नोड डिलीट करावा लागतो. नुसता पुसलात तर क्लस्टरच्या यादीत मेलेल्या माणसाचं रेशनकार्ड चालू राहावं तसा राहतो, आणि त्याच नावाने नवा सर्व्हर आणलात की भांडण सुरू.

आणि "बंद करून ठेवलाय, कशाला काढायचा" म्हणणाऱ्यांसाठी: करारात प्रोसेसरची व्याख्या 'जिथे सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलेलं आहे आणि/किंवा चालू आहे' अशी आहे. बंद म्हणजे फुकट नव्हे.

क्रम साधा आहे. आधी डेटाबेस, मग डेटाबेस होम (त्याच्या सॉफ्टवेअरचं फोल्डर), शेवटी ग्रिड. तीन दिवस लागतात ते कमांडला नाही, खात्री करायला.

फॉरमॅटेश्वर

आमच्या नावाने धागा निघाला, जन्माचं सार्थक झालं.

आता त्या टूलबद्दल बोलू. मॅन्युअलमध्येच इशारा छापलाय: डेटाबेसच्या फायली आणि एफआरए (बॅकअप ठेवायची डिस्कवरची जागा) ओरॅकल बेस फोल्डरच्या बाहेर असले तरी हे टूल ते उडवतं. इन्व्हेंटरीत (सर्व्हरवरच्या होमांची यादी) ते शेवटचं होम असेल तर ओराडेटा, अ‍ॅडमिन, डायग ही फोल्डरं, सगळं साफ. आणि ग्रिडच्या वेळी '-लोकल' लिहायचं राहिलं तर एका नोडऐवजी सगळ्या नोडांवरून ग्रिड जातं. हे तुमचं सुरक्षित टूल!

मी आरएम मारतो तेव्हा काय उडवतोय ते मला माहीत असतं. टूल चालवणाऱ्याला ते नंतर कळतं.

टेपवाली

फॉरमॅटेश्वरांशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण यावर +१.

आमच्याकडे झालेलं सांगते. जुनी सिस्टिम बंद करायची होती. "शेवटचा फुल बॅकअप झालाय ना?" "झालाय." कुठे झालाय हे कुणी विचारलं नाही. तो एफआरएमध्ये होता, टेपवर जायचा होता. टूल सगळी यादी दाखवतं, शेवटी पुढे जाऊ का विचारतं, आणि चौकटी कंसात 'एन' असतं. म्हणजे नुसतं एंटर दाबलं तर काहीच होत नाही, मुद्दाम 'वाय' टाइप करावा लागतो. आमच्या टीममधल्या मुलाने केला. मी त्याच्या मागेच उभी होते, हातात चहाचा कप. यादी मीही वाचली नाही. दोष त्याच्या एकट्याचा नाही.

आदल्या रविवारची टेप होती म्हणून वाचलो. चार दिवसांचा डेटा गेला तो गेलाच.

आणि दुसरं, ज्याबद्दल इथे कुणीच बोलत नाहीये. कंपनी कायद्यात हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवायची आहेत. बॅकअप ठेवाल, पण सात वर्षांनी तो उघडायला सॉफ्टवेअर कुठून आणाल? होम काढण्याआधी पॅचसकट त्याची टार (एका फाइलीत बांधलेली प्रत) करून बॅकअपशेजारी ठेवा. "डाउनलोड करू ना तेव्हा" म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

निवृत्त नोड

डीइन्स्टॉल टूल तर ११जी आर२ मध्ये आलं. १०जीच्या काळात आम्ही रूटडिलीट, रूटडीइन्स्टॉल चालवायचो आणि उरलेलं हाताने वेचायचो. इनिटटॅबमध्ये (सर्व्हर सुरू होताना इनिटने काय उठवायचं त्याची फाइल) तीन ओळी असायच्या, ईव्हीएमडी, सीएसएसडी, सीआरएसडी. एका पठ्ठ्याने होम उडवलं आणि या ओळी विसरला. इनिट बिचारा मेलेल्यांना उठवत बसला, लॉगमध्ये तोच तो 'रिस्पॉनिंग टू फास्ट'. इनिटच्या जागी सिस्टिमडी आल्यावरही ग्रिडला उठवणाऱ्या ओएचएएसडीची सर्व्हिस मागे राहतेच. ईटीसीतलं ओरॅटॅब, व्हार-टेंपमधलं लपलेलं ओरॅकल फोल्डर, यूजर-लोकल-बिनमधली ओराएन्व्ह. ही भुतं पुढच्या इन्स्टॉलला मानगुटीवर बसतात.

अर्थात तेव्हा रूटचा पासवर्ड डीबीएकडे (डेटाबेस सांभाळणारा) असायचा. आताच्या पोरांना एक स्क्रिप्ट चालवायला तिकीट टाकावं लागतं. कसला डीबीए आणि कसलं काय!

कोकणी कर्नल

काका, शेवटच्या दोन ओळी लिहिल्या नसत्यात तर प्रतिसाद आवडला होता.

आधी फॉरमॅटेश्वरांचं. मी युनिक्सवाला, तुमच्याच पंथाचा होतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी तीन नोडच्या क्लस्टरमधून एक नोड काढला. डीबीएने त्याचं काम नीट केलं, सर्व्हर माझ्या ताब्यात. मी नेहमीची किकस्टार्ट फाइल (ओएस आपोआप टाकणारी) लावली, तिच्यात 'क्लिअरपार्ट --ऑल', म्हणजे दिसतील त्या सगळ्या डिस्का साफ. स्टोरेजला जाणारी फायबरची केबल तशीच, झोनिंग (कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसेल ते) तसंच. म्हणजे उरलेल्या दोन चालू नोडांचे लन (स्टोरेजवरच्या डिस्का) या सर्व्हरला दिसत होते, तेही पार्टिशन न करता अख्खे दिलेले. इन्स्टॉलरने सहा डिस्कांवर नवी लेबलं लिहिली. वीस मिनिटांत ओएस तयार. तुमच्यासारखाच चहा प्यायलो.

काही झालं नाही. गंमत तीच आहे. एएसएम डिस्कचं हेडर (सुरुवातीची ओळखपट्टी) माउंट करताना वाचतो, आणि डिस्कग्रुप तर आधीच माउंट होता. तीन आठवडे बँकेसारखं काम चाललं. मग पॅचिंगला पहिला नोड खाली घेतला, वर येताना डेटा डिस्कग्रुप माउंट होईना. ओआरए-१५०६३. डिस्क पुरेशा सापडत नाहीत म्हणे. दुसरा नोड अजून जिवंत होता, त्याला हात लावायची कुणाची छाती होईना.

वाचलो कारण हेडरची एक प्रत डिस्कवरच थोडी पुढे असते. १ एमबीचं अलोकेशन युनिट (एएसएम ज्या तुकड्यांत जागा वाटतो ते) असेल तर ५१० नंबरच्या ब्लॉकवर. केएफईडी या टूलच्या रिपेअरने ती परत आणली, एकेक डिस्क, सहा वेळा. ५१० हा आकडा दंडावर गोंदवून घ्यावासा वाटला होता.

आता रूटचं. डीबीएला रूट हवा असतो, पण सर्व्हर आडवा झाला की रात्री दोनला फोन आम्हाला. आधी फोन घ्या, मग रूट मागा.

फॉरमॅटेश्वर

म्हणजे केबल काढली असतीत तर काहीच झालं नसतं. दोष फॉरमॅटचा नाही, केबलचा. लिहून घ्या.

कोकणी कर्नल

लिहून घेतलं. तुमच्या मूळ प्रतिसादात केबलचा क सुद्धा नव्हता, तेही लिहून घेतलं.

रात्रपाळी

कर्नल, ती ५१० वाली गोष्ट उलट बाजूनेही चावते. डिस्क भंगारात देताना कुणी पहिल्या ४०९६ बाइट शून्य करतो आणि "पुसली" म्हणून सही ठोकतो. प्रत तिथेच, डेटा तर हललेलाही नाही. बँकेच्या डिस्का आहेत राव.

पण रूटचं तिकीट हा माझाही दुखरा दात आहे. तिकीट मंजूर होतं, मात्र नेमकं सणाला! मागच्या वर्षी एका गिऱ्हाईकाने चेंज विंडो (बदल करायला ठरवून दिलेली वेळ) दिली अनंत चतुर्दशीची रात्र. का, तर "त्या दिवशी तुमच्याकडे लोड कमी असतो". मी घरून लॉगिन. रूटस्क्रिप्ट चालवायला युनिक्सचा जो मुलगा ऑन-कॉल, तो ढोल पथकात! फोन लावला तर तो अलका चौकात. एका कानात बोट घालून मला ओटीपी सांगतोय, मागून ताशा, "सात की साठ?" "सात! सात!" दोनदा ओटीपी चुकला, तिसऱ्यांदा खातं लॉक. अनलॉक करणारा दुसऱ्या मिरवणुकीत. पहाटे साडेपाचला विंडो संपली, क्लस्टर जिथल्या तिथे.

टेपवाली

तुम्हाला निदान ढोल ऐकायला मिळाला. मी गौरी जेवणाच्या दिवशी पुरणाच्या हाताने रिस्टोअर टेस्ट केली आहे. 'ई' चं बटण आजही चिकटतं.

जर्सीकर

तुमचं रडगाणं वाचून गंमत वाटते. इथे अमेरिकेत दिवाळीला आम्हाला सुट्टीच नसते, लक्ष्मीपूजन पाच मिनिटांत उरकून मीटिंगला बसतो. तुम्हाला वर्षातून एक रात्र काम आलं तर केवढा गहजब!

रात्रपाळी

एक रात्र? साहेब, तुमच्याकडे थँक्सगिव्हिंगपासून नवीन वर्षापर्यंत चेंज फ्रीझ (बदलबंदी) असतो. त्याआधी सगळं उरकायचं म्हणून जे काही काढायचं-घालायचं ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोंबलं जातं. आता कॅलेंडर काढा आणि बघा त्या दोन महिन्यांत इथे काय असतं. गणपती, नवरात्र, दसरा, काही वर्षी दिवाळीसुद्धा. तुमची टर्की निवांत शिजावी म्हणून आमचे मोदक गार होतात.

निवृत्त नोड

आयटीत आलात तेव्हा हे माहीत नव्हतं का? आम्ही सन २००० लागलं त्या रात्री, ३१ डिसेंबर १९९९ ला, डेटा सेंटरमध्ये घोंगडी पांघरून बसलो होतो. कुणी कॉम्प-ऑफ (बदली सुट्टी) मागितला नाही. हल्लीच्या मुलांना सगळं ताटात हवं.

टेपवाली

काका, तुम्ही घोंगडीत बसला होतात तेव्हा घरी मुलांना कोण बघत होतं? काकूंना मिळाला का कॉम्प-ऑफ? आमच्या घरी तशी काकू नाहीये, ती मीच आहे. "हल्लीच्या मुलांना" म्हणण्याआधी एकदा गौरी बसवून दाखवा, मग रिस्टोअर आम्ही करतो.

निवृत्त नोड

प्रकाटाआ

निवृत्त नोड

रागात लिहिलं होतं म्हणून वरचा काढला. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कॉम्प-ऑफ म्हणजे काय ते आधी सांगा." ताई, तुमचं बरोबर आहे. तरी कॉम्प-ऑफ मागत नव्हतो हेही खरंच आहे.

जर्सीकर

टर्कीचा टोमणा लागला. फ्रीझचा मुद्दा मात्र मान्य, मी स्वतः ते वेळापत्रक बनवणाऱ्या कॉलवर असतो आणि कधी तोंड उघडलं नाही. आमच्या शेअर्ड कॅलेंडरवर तुमचे सण टाकतो. त्याने काय होईल माहीत नाही. हलके घ्या.

फॉरमॅटेश्वर

क्लस्टर राहिला बाजूला, गौरी-गणपती उठले. मूळ प्रश्नाचं काय झालं?

रात्रपाळी

झालं ते सांगतो. काल दोन्ही नोडवर टूल '-चेकओन्ली' लावून चालवलं. हे काही काढत नाही, फक्त काय काढेल ते सांगतं. यादी प्रिंट काढली, पेन घेऊन बसलो. पहिल्या नोडवर ओराडेटाच्या आत 'रिपोर्ट्स' नावाचं फोल्डर सापडलं. डेटाबेसशी संबंध शून्य. बँकेतल्या कुणीतरी जागा दिसली म्हणून शाखांचे वर्षअखेरचे पीडीएफ तिथे टाकून ठेवलेत, पाच वर्षांचे. टूल सरळ चालवलं असतं तर गेले असते.

आणि आरएम मारला असता तरी गेले असते, फॉरमॅटेश्वर.

आता ठरलंय असं: पीडीएफ हलवायचे, बॅकअप टेपवर गेल्याचं टेपवालींसारख्या कुणीतरी डोळ्यांनी बघायचं, होमची टार, मग डेटाबेस, होम, ग्रिड, शेवटच्या नोडवर ग्रिडच्या रूटस्क्रिप्टला '-लास्टनोड' लावून. ते विसरलं तर ओसीआर आणि व्होटिंग डिस्क मागे उरतात. मग स्टोरेजवाले लन काढतील, झोनिंग तोडतील. त्यानंतर ओएस नव्याने.

फॉरमॅटेश्वर

म्हणजे शेवटी फॉरमॅटच! एवढा धागा काढून तुम्ही माझ्याच घरी आलात, फक्त स्टेशनवरून रिक्षा न करता पंढरपूरमार्गे.

बाकी ते चेकओन्ली मी कधी चालवलं नव्हतं. चालवून बघेन. आवडलं असं समजू नका.

कोकणी कर्नल

रात्रपाळी, विंडो कधीची आहे? रूट लागणार असेल तर तिकीट गुरुवारी दुपारपर्यंत टाकायला सांगा तुमच्या लोकांना. आणि ऑन-कॉल कोण आहे तेवढं आधी विचारा, पथकात असेल तर बदलून घ्या.