चर्चच्या इमारत निधीची सुरुवात कुठून करावी?

वडगावशेरीकर:
आमच्या मराठी मंडळीला छप्पर बदलून वर सभागृह बांधायचंय. अंदाज 90 लाख. कमिटी म्हणते, हंगामाच्या उपकारस्तुतीला (पिकासाठी देवाचे आभार मानायच्या उपासनेत) जाहीर करा, पाकिटं वाटा, देव देईल. कुणाला अनुभव?

खडकीची खजिनदार:
दादा, पाकिटांत रंगकाम होतं, इमारत नाही. आधी गाजावाजा न करता मोजक्या घरी जा. विश्वस्तांनी स्वतःचा आकडा लिहून द्यावा, मगच दुसऱ्याची बेल वाजवावी. निम्म्याहून जास्त रकमेची वचनं हातात आली की मग जाहीर करा. वचनपत्र तीन वर्षांचं, हप्त्याने. आमच्याकडे पेन्शनवाल्या आजी महिना पाचशे देतात, एकदाही चुकत नाहीत. चुकतात ते भर सभेत उभं राहून आकडा सांगणारे. (नावं नको.) पाळकसाहेबांनी प्रार्थना करावी, वसुलीला जाऊ नये. उद्या त्याच घरात त्यांना आजाऱ्याला भेटायला जायचं असतं.

सीए, कॅम्प:
निव्वळ धार्मिक ट्रस्टला 80जी (देणगीदाराला आयकरात सूट देणारी मान्यता) मिळत नाही, त्यामुळे करसवलत कबूल करू नका. एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घेऊ नका. देणगी इमारतीसाठीच आहे असं दात्याकडून लेखी घ्या.

वडगावशेरीकर:
आणि परदेशातली मुलं?

सीए, कॅम्प:
दुबईत असला तरी पासपोर्ट भारतीय असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालते. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर चर्चची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी हवी, आणि त्या देणग्यांचं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत.

खडकीची खजिनदार:
आणि दर महिन्याचा हिशेब नोटीस बोर्डावर लावा. जमाही, खर्चही.