झोका सोडायचा क्षण आणि झगा काढलेला बॅटमॅन

दोन_अंगठे

काल काळाझगा यांनी लिहिलंय: "२००९ च्या आर्कम असायलम या बॅटमॅनच्या गेमनंतर सुपरहिरोंच्या गेम्समध्ये नवीन काही घडलेलंच नाही. इन्सोम्नियॅक स्टुडिओचा २०१८ चा स्पायडरमॅन म्हणजे झगा काढलेला बॅटमॅन. आणि त्या झोक्यांत कौशल्य कसलं? बटण दाबून धरा, शहर आपोआप मागे पळतं."

कालपासून हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय.

मारामारी दिसायला सारखी आहे. दोन्हीकडे दहा जण एकाला घेरतात, धोक्याची खूण डोक्याशी उमटते, लागोपाठ बसलेल्या ठोशांचा, म्हणजे कॉम्बोचा, आकडा चढतो. पण खेळताना हात काय करतात ते बघा. आर्कममध्ये कोणी अंगावर आला की काउंटर, म्हणजे त्याचा वार अडवून उलट वार; सगळा डाव त्या एका बटणाभोवती फिरतो. २०१८ च्या स्पायडरमॅनमध्ये काउंटरचं बटणच नाही. मार चुकवायचा म्हणजे जागा सोडायची. चौकोनाचं बटण दाबून धरलं की समोरचा वर उडतो, आपण त्याच्या मागोमाग वर, आणि खालचे बंदूकवाले तोवर नेम धरून बसलेले. त्यात फोकसची पट्टी, लढता लढता भरत जाणारी. ती जीव भरायला वापरायची की एकाला झटक्यात संपवायला, हे मार खाता खाता ठरवायचं. असायलममध्ये हा पेच नव्हता, तिथे जीव भरायचा तो मारामारी आटपल्यावर.

आता झोके. बटण दाबून धरलं की झोका सुरू होतो, हे खरं. सोडायचं कधी? झोका खाली असताना सोडलात तर सुसाट पुढे जाता. वर चढल्यावर सोडलात तर उंची मिळते, पण वेग जातो. सोडायच्या क्षणी उडी मारलीत तर आणखी रेटा मिळतो. ज्याला हे कळलंय तो आणि नुसतं बटण धरून बसलेला, दोघांना एकाच रस्त्यावर सोडून बघा. चार चौकांत फरक दिसेल.

काळाझगा

"सगळा डाव एका बटणाभोवती" हे वाक्य लिहिणाऱ्याने आर्कम बटणं बडवत खेळलाय, एवढंच मला त्यातून कळलं.

आर्कममध्ये ठोसा बसला की नेमक्या त्या क्षणी, एकदाच, पुढचं बटण दाबायचं. तरच क्रिटिकल स्ट्राइक, म्हणजे जास्त जोराचा ठोसा, मिळतो आणि कॉम्बो दुप्पट वेगाने चढतो. घाईने दोनदा दाबलंत की गेला. हवेत ठोसा मारलात की कॉम्बो तुटला. कॉम्बो आठाला पोचला की स्पेशल टेकडाउन, म्हणजे एकाला झटक्यात संपवणारा डाव, अपग्रेड घेतलं तर पाचाला. म्हणजे हा ताल आहे. काउंटर त्यातली एक मात्रा. चाकूवाल्याला वेगळं, ढालवाल्याला वेगळं, दांडकेवाल्याला वेगळं उत्तर. आर्कम सिटी या पुढच्या भागातल्या चॅलेंज मॅप्सवर मी अख्खी सुट्टी घालवली आहे. शेवटी शेवटी डोळे मिटले तरी कुठला माणूस कुठे असेल ते कळायचं.

स्पायडरमॅनमध्ये हा हिशेब कुठेय? अडचण आली की हवेत जा आणि गॅजेट फेका.

मुठीतलीगाडी

दोघेही २००९ पासून सुरुवात करताय म्हणून राहवत नाही. रॅडिकल स्टुडिओचा २००५ चा हल्क, अल्टिमेट डिस्ट्रक्शन. त्यात गाडी उचलून मधोमध फाडायची आणि दोन तुकडे हातमोज्यांसारखे मुठींवर चढवायचे. बस चपटी करून तिच्यावर उभं राहून रस्त्यावरून घसरत जायचं. उडी दाबून धरली की ताकद साठते, उतरलात की डांबर फुटतं. वजन, वजन म्हणतात ते हेच. आजचे हिरो जमिनीवर उतरतात तेव्हा जमिनीला कळतसुद्धा नाही.

त्याच स्टुडिओने २००९ मध्ये प्रोटोटाइप हा गेम काढला आणि लोक मात्र तो आणि इन्फेमस हा दुसरा गेम यांतलं चांगलं कोणतं यावरच भांडत बसले. हल्क सगळ्यांच्या विस्मरणात गेला. याचं मला आजही वाईट वाटतं.

निऑनधाव

इन्फेमसचं नाव निघालंच आहे तर. त्याच्या सेकंड सन या भागात (२०१४) निऑनची शक्ती मिळाली की सरळ भिंतीवरून धावत गच्चीवर. सुंदर दिसतं. पण दोन_अंगठे म्हणतात तो सोडायचा क्षण त्यात नाही. भिंत असो की रस्ता, वेग तोच. आठवडाभराने मी दिसणं विसरले आणि नुसतं जायचं म्हणून जायला लागले. त्यापेक्षा आधीची धुराची शक्ती आवडायची. गच्चीवर जायला खालच्या व्हेंटचं, म्हणजे हवेच्या नळीचं, तोंड शोधावं लागायचं, म्हणजे इमारतीकडे बघावं लागायचं.

जुनाकोळी

सगळ्यांना नमस्कार आणि सगळ्यांशी असहमत.

झोके म्हणजे २००४ चा स्पायडरमॅन २, ट्रेआर्क स्टुडिओचा. जाळं खरोखर इमारतीला चिकटायचं. इमारत नाही तर झोका नाही. उद्यानापाशी आलात की जाळं लावायला जागाच नाही, खाली उतरून पळा. दोर जिथे चिकटला त्याच्याभोवतीच लंबकासारखं फिरायचं, मग चुकून दुसऱ्या इमारतीवर आपटायचं, आणि त्यात पिझ्झा वेळेत पोचवायचा! पहिले दोन दिवस नुसता आपटत होतो. तिसऱ्या दिवशी दोन उंच इमारतींच्या मधून वळून सरळ रस्त्यावर आलो तेव्हा आपण काहीतरी शिकलो असं वाटलं. इन्सोम्नियॅकचा स्पायडरमॅन तुम्हाला आपटू देत नाही. भिंत आली की स्वतःच तिच्यावर धावायला लागतो. जे चुकू देत नाही ते शिकवणार काय?

काळाझगा

२००४ चा स्पायडरमॅन २? मी तो पूर्ण खेळलोय. लंबक वगैरे काही नव्हता त्यात. हवेत ठरावीक जागी खुणा असायच्या, त्यांच्याकडे तोंड करून क्लिक करायचं, की तो तिथे लटकायचा. खूण नाही तर झोका नाही. इतका बांधलेला गेम मी दुसरा पाहिला नाही. वीस वर्षांपूर्वीचं सगळं सोन्याचं वाटतं माणसाला, पण म्हणून काहीही सांगायचं?

जुनाकोळी

काहीही नाही सांगत. शेकडो तास खेळलोय तो गेम. खुणा नव्हत्या. एकही नव्हती. न खेळलेल्या गेमबद्दल ठोकून देऊ नका.

काळाझगा

न खेळलेल्या? अहो, डबा अजून माझ्या कपाटात आहे. मला खोटं पाडायचं असेल तर पुरावा द्या. नाहीतर जुन्या आठवणी लोकांवर लादणं थांबवा.

जुनाकोळी

तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. मूळ मुद्द्यावर हरलात म्हणून आता इथे वाद उकरताय.

निऑनधाव

दोघेही जरा थांबा. काळाझगा, तुम्ही तो पीसीवर खेळलात का?

काळाझगा

हो. मग?

निऑनधाव

मग दोघेही खरं बोलताय. पीसीवर त्याच नावाने आला तो वेगळाच गेम होता. वेगळ्या स्टुडिओने केलेला, लहान मुलांसाठी सोपा केलेला. त्यात ठरावीक जागीच झोका घेता यायचा. जुनाकोळी सांगतायत तो टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरचा, म्हणजे पीएस २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूबवरचा. नाव एक, खेळ दोन.

काळाझगा

आत्ता शोधून पाहिलं. खरं आहे.

हे वाचून मला काय वाटलं ते सांगतो, विषयांतर झालं तरी चालेल. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. शाळेतला मित्र त्याच्या घरच्या गेमचं वर्णन करायचा, कुठूनही कुठेही झोका घेता येतो म्हणायचा. मोठ्या भावाच्या मागे लागून तो गेम मी आणवला. घरी पीसी होता, पीसीचा आणला. आणि महिनाभर कीबोर्डवरचं एकेक बटण दाबून बघत होतो, की मोकळा झोका घ्यायचं बटण कुठलं. मला वाटायचं मलाच जमत नाहीये. मित्राला सांगायची लाज वाटली, म्हणून "हो, मीपण तसाच खेळतो" असं खोटं सांगितलं. त्यानंतर स्पायडरमॅनला हात लावला नाही. २०१८ चा पीसीवर आल्यावर तासभर खेळलो आणि मनात आलं, हा नुसतं बटण धरलं तरी जातो, म्हणजे तेव्हाही सगळे खोटंच सांगत होते.

जुनाकोळी, तुमच्या गेमबद्दलचं माझं बोलणं मागे घेतो. आर्कमबद्दलचं एक अक्षरही नाही.

जुनाकोळी

मीही आवाज चढवला, तो चढवायला नको होता. नऊ वर्षांच्या मुलाने ते बटण महिनाभर शोधलं, याचं फार वाईट वाटलं.

दोन_अंगठे

काळाझगा, एक तासावर मत बनवलंत तर मग! आता एक करा. इन्सोम्नियॅकचाच २०२३ चा स्पायडरमॅन २ जानेवारी २०२५ मध्ये पीसीवर आलाय. त्याच्या सेटिंगमध्ये झोक्याला वळवायला मदत करणारी पातळी असते, ती शून्यावर आणा. उंचावरून पडलं की जीव जातो, तो पर्यायही चालू करा. आणि जुनाकोळी, तुम्हीपण. आपटू देत नाही म्हणालात ना?

मुठीतलीगाडी

आणि कोणीतरी हल्क खेळा. विनंती आहे.

जुनाकोळी

मदत शून्यावर आणून खेळलो. वळणावर तो बाहेर फेकला जातो आणि सावरायला आधीच्या झोक्यापासून विचार करावा लागतो. २००४ इतका कडक नाही. पण "शिकवणार काय" हे मी जरा जास्तच बोललो होतो. हवेत तरंगायचे ते जाळीचे पंख मात्र मला अजूनही पटत नाहीत. कोळ्याला पंख कशाला?

काळाझगा

पंखांबद्दल असहमत. आर्कममध्ये ग्लाइड करून खाली सूर मारायचा आणि त्या वेगावर पुन्हा वर यायचं, ते ज्याला आवडलंय त्याला हे आवडेल.

बाकी, दोन रात्री खेळलो. मारामारीबद्दल माझं मत तेच आहे. उलट या भागात एल१ बटणावर पॅरी, म्हणजे वार अडवून परतवणं, आणलीय, म्हणजे चुकवून भागत नाही हे त्यांनाही कळलं. आर्कमने ते २००९ मध्येच ओळखलं होतं.

झोक्यांबद्दल: पहिल्या रात्री अकरा वेळा पडून मेलो. दुसऱ्या रात्री पुलाच्या टोकापासून निघालो आणि पाय जमिनीला न लावता उद्यानापर्यंत आलो. तिथे इमारती संपल्या, पुढचं जाळं झाडाला लागलं, आणि मी सोडायला उशीर केला.

दोन_अंगठे

कितपत उशीर?

काळाझगा

वर चढून पूर्ण थांबेपर्यंत. उंची मिळाली, वेग गेला. तुम्ही लिहिलं होतं तसंच. आज पुन्हा तिथूनच निघणार आहे.